लसिकाग्रंथींबाहेर सुरू होणारे लिम्फोमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक ज्या शंका पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरे आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आणि पुढे अपवादात्मक परिस्थितीतील प्रश्न असा क्रम ठेवला आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

१. लिम्फोमा हा तर गाठींचा कॅन्सर असतो. मग माझ्या वडिलांना तो जठरात कसा झाला?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. मान, काख आणि जांघेतील लसिकाग्रंथींमध्ये या पेशी दाटीने असतात, म्हणून बहुतेक लिम्फोमा तेथे सुरू होतात. परंतु या पेशी जंतूंच्या मागावर शरीरभर फिरतात आणि आतडे, त्वचा, थायरॉइड, लाळग्रंथी, डोळ्याभोवतीचे ऊतक अशा ठिकाणी मुक्कामही करतात. त्यामुळे यांपैकी कोणत्याही जागी, क्वचित मेंदूत किंवा वृषणातही, लिम्फोमा सुरू होऊ शकतो. जठराच्या आतील अस्तरापासून होणारा नेहमीचा जठराचा कॅन्सर आणि जठरातील लिम्फोमा हे पूर्णपणे वेगळे आजार आहेत. त्यांचे उपचार वेगळे आणि बरे होण्याची शक्यताही वेगळी.

२. हा आजार खरोखर दुर्मीळ आहे का?

एकत्रित पाहिले तर तितका नाही. नॉन-हॉजकिन लिम्फोमांपैकी (म्हणजे हॉजकिन प्रकार सोडून बाकीच्या सर्व लिम्फोमांपैकी) साधारण पाव ते एक-तृतीयांश लसिकाग्रंथींबाहेर सुरू होतात, आणि त्यांत पचनमार्गाचा, विशेषतः जठराचा, क्रमांक पहिला लागतो. मात्र प्रत्येक अवयवातला प्रकार सुटा धरला की तो दुर्मीळच ठरतो, आणि एखाद्या डॉक्टरांच्या सबंध कारकिर्दीत त्या प्रकारचे मोजकेच रुग्ण येतात. निदानाला होणाऱ्या उशिराचे एक मोठे कारण हेच आहे. या आजारांवर देशोदेशींच्या डॉक्टरांनी एकत्र अभ्यास करावा म्हणून १९९८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याचे केंद्र स्वित्झर्लंडमधील बेलिंझोना येथे आहे.

३. हा आजार घरातल्या इतरांना होईल का? वेगळे ताट-वाटी ठेवावे का?

नाही. लिम्फोमा संसर्गजन्य नाही आणि सर्वसाधारणपणे आनुवंशिकही नाही. एच. पायलोरी (प्रश्न ७) हा जंतू घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे खरे. पण भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो आणि त्यांतील बहुसंख्य लोकांना लिम्फोमा कधीही होत नाही. रुग्णाला वेगळे बसवून जेवायला वाढू नये.

४. रिपोर्टमध्ये जठराबरोबर शेजारच्या गाठीही दिसतात. मग आजार नेमका कुठे सुरू झाला, आणि तो पसरला आहे असे समजायचे का?

शेजारच्या लसिकाग्रंथी सुजल्या म्हणजे आजार शरीरभर पसरला असे होत नाही. मुख्य रोग ज्या अवयवात आहे, तेथूनच तो सुरू झाला असे धरले जाते. १९७१ च्या ॲन आर्बर पद्धतीत अशा अवयवासाठी टप्प्याच्या आकड्यापुढे ‘ई’ हे अक्षर लावतात. ‘टप्पा १-ई’ म्हणजे रोग एकाच अवयवापुरता आहे, तर ‘टप्पा २-ई’ म्हणजे अवयवासोबत जवळच्या गाठींमध्येही आहे.

याउलट, लसिकाग्रंथींतील लिम्फोमा पसरत यकृतात किंवा हाडांच्या मगजात पोहोचला, तर त्याला चौथा टप्पा म्हणतात. एक मात्र सांगायला हवे, कारण या आकड्यानेच अनेकांचा धीर सुटतो. लिम्फोमातला चौथा टप्पा आणि फुप्फुस किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधला चौथा टप्पा यांची तुलना करू नये. लिम्फोमाचे अनेक प्रकार चौथ्या टप्प्यातही औषधांना उत्तम प्रतिसाद देतात.

५. बायोप्सी एकदा झाली आहे. डॉक्टर दुसऱ्यांदा का करायला सांगत आहेत?

सर्वांत जास्त नाराजी याच गोष्टीवर व्यक्त होते, आणि सर्वांत जास्त महत्त्वही याच गोष्टीला आहे. लिम्फोमाचे अनेक डझन प्रकार आहेत. पेशी केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते ओळखता येत नाहीत. त्यांच्यावरील प्रथिनांच्या खुणा तपासाव्या लागतात, ज्याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, आणि काही वेळा जनुकीय चाचण्याही कराव्या लागतात. बारीक सुईने काढलेल्या पाण्यात, म्हणजे एफएनएसीत, पेशी सुट्या येतात आणि ऊतकाची रचना कळत नाही. जठराच्या दुर्बिणीतून घेतलेले दोन-तीन वरवरचे कण या सगळ्या चाचण्यांना पुरत नाहीत, कारण लिम्फोमा अस्तराच्या खालच्या थरात असू शकतो.

तुकडा कोणत्या बाटलीत पडतो यावरही पुढचे बरेच काही ठरते. लिम्फोमाच्या तपासणीसाठी तो फॉर्मलिनमध्ये ठेवतात, आणि क्षयरोगाच्या जंतूंच्या कल्चरसाठी सलाइनमध्ये, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. सगळा तुकडा एकाच बाटलीत गेला तर दोन्हींपैकी एक तपासणी हातची जाते. म्हणून प्रक्रियेपूर्वी ‘दोन बाटल्या लागतील का’ एवढे विचारण्यात संकोच करू नये.

तपासणीनंतर मेणात जतन केलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, प्रयोगशाळेत राहतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊन भागत नाही, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही न्यावे लागतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा अन्य मोठ्या केंद्रात जाणाऱ्यांनी ते आधीच मागून घेतले, तर एक खेप वाचते.

६. डॉक्टर म्हणतात, ‘टीबीची औषधे सुरू करून पाहू.’ ते योग्य आहे का?

आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की ही शंका येणे स्वाभाविक आहे, आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, आतड्याचा शेवटचा भाग जाड होणे किंवा मणक्याचे हाड खाल्ले जाणे हे सारे दोन्ही आजारांत दिसते. म्हणूनच शक्य तेथे आधी तुकडा घ्यावा, त्याची सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चर करावे आणि मगच औषध सुरू करावे. तुकडा मिळवणे खरोखरच अशक्य असल्यामुळे औषध सुरू केले असेल, तर किती आठवड्यांनी फेरतपासणी करायची हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे. औषध सुरू असताना गाठ वाढत असेल, तर ‘अजून थोडे थांबू’ हे उत्तर मान्य करू नये. अशा वेळी पुन्हा बायोप्सी हवीच.

७. आईला जठराचा ‘माल्ट लिम्फोमा’ निघाला आणि डॉक्टरांनी फक्त दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. कॅन्सर अँटिबायोटिकने कसा बरा होईल?

हे उपचार बरोबर आहेत. निरोगी जठरात लिम्फोसाइटची वस्ती जवळपास नसते. एच. पायलोरी जंतूमुळे वर्षानुवर्षे सूज राहिली की त्या तेथे जमतात, आणि जंतूच्या सततच्या चिथावणीने वाढणाऱ्या या पेशींपैकी एखादी पेशी पुढे कर्करोगाची होते. सुरुवातीच्या काळात ही कर्करोगी पेशीसुद्धा त्या चिथावणीवरच अवलंबून असते, म्हणून जंतू नष्ट केला की गाठीचा आधारच जातो.

माल्ट म्हणजे जठरासारख्या अवयवांच्या आतील अस्तराशी जोडलेले लिम्फोसाइटचे ऊतक. त्यापासून होणाऱ्या माल्ट लिम्फोमाची कल्पना पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी १९८३ मध्ये मांडली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी एच. पायलोरीचा जो शोध लावला, त्याला २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू घालवल्यावर लिम्फोमा मावळतो हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनी दाखवले आणि त्यानंतर उपचारांची दिशाच पालटली. रोग जठरापुरता मर्यादित असेल, तर केवळ जंतुनाशक उपचारांनी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा लिम्फोमा पूर्णपणे नाहीसा होतो.

यासाठी गोळ्यांचा पूर्ण कोर्स एकही मात्रा न चुकवता घ्यावा लागतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने पाहतात. त्या चाचणीपूर्वी दोन आठवडे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा जंतू असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. या गोळ्या घरोघरी सवयीने घेतल्या जातात, त्यामुळे येथे हमखास गफलत होते.

८. जंतू गेला असा रिपोर्ट आला, पण सहा महिन्यांनंतरच्या दुर्बिणीत लिम्फोमा अजून दिसतोच आहे. उपचार फसले का?

बहुधा नाही. जंतू काही आठवड्यांत जातो, परंतु लिम्फोमा विरायला वर्षभर आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो. आजार वाढत नसेल आणि त्रास नसेल, तर किमान बारा महिने ठराविक अंतराने दुर्बिणीने पाहत थांबणे हाच मान्य मार्ग आहे. घाईने केमो सुरू करून रुग्णाचे भले होत नाही.

काही गाठी मात्र जंतुनाशकांना दाद देत नाहीत. ११ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल, तर प्रतिसादाची शक्यता बरीच कमी होते. एच. पायलोरी मुळातच न सापडलेल्या रुग्णांतही ही शक्यता कमी असते, तरीही काहींना गुण येतो, म्हणून तेथेही अनेक तज्ज्ञ एकदा जंतुनाशक देऊन पाहतात. त्यानेही फरक पडला नाही, तर जठरावर मर्यादित मात्रेचे रेडिएशन दिल्याने रोग अतिशय चांगला आटोक्यात येतो. तुकड्यात मोठ्या पेशींचा वेगाने वाढणारा लिम्फोमा आढळला, तर मात्र वाट पाहणे योग्य नाही. त्याला केमो आणि रिटुक्सिमॅब (लिम्फोमाच्या बी-पेशींवर नेम धरणारे प्रतिपिंड-औषध; बी-पेशी हा लिम्फोसाइटचा एक प्रकार) लागते.

९. जठर काढून टाकले तर प्रश्न कायमचा मिटेल का?

पूर्वी असे करत. आता जठर फुटणे किंवा रक्तस्राव न थांबणे अशा आणीबाणीतच शस्त्रक्रिया करतात. औषधे आणि रेडिएशनने तेवढाच किंवा अधिक चांगला परिणाम मिळतो आणि जठर शाबूत राहते.

१०. मेंदूत गाठ दिसली आहे आणि डोके खूप दुखते. तरी डॉक्टर स्टिरॉइड द्यायला का कचरतात?

एमआरआयवरून मेंदूच्या लिम्फोमाची शंका आली असेल, तर बायोप्सीपूर्वी स्टिरॉइड शक्यतो टाळतात. डेक्सामेथासोनने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात, गाठ काही दिवसांत आकसते आणि रुग्णाला एकदम बरे वाटू लागते. पण मग सुईने घेतलेल्या तुकड्यात केवळ मृत पेशी सापडतात, निदान होत नाही आणि काही आठवड्यांनी गाठ परतते. मेंदूवरचा दाब जिवावर बेतेल इतका असेल, तर अर्थातच स्टिरॉइड द्यावेच लागते. तेथे जीव वाचवणे आधी, निदान नंतर.

ही गाठ पूर्ण कापून काढण्याची सहसा गरज नसते. कवटीला लहान छिद्र पाडून, संगणकाच्या मार्गदर्शनाने सुई घालून तुकडा घेतात. सोबत नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांची तपासणी, एचआयव्ही चाचणी आणि पुरुषांमध्ये वृषणांची तपासणी करतात.

उपचारांचा कणा म्हणजे मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट. नेहमीच्या केमोतील अनेक औषधे रक्तातून मेंदूत पुरेशी शिरत नाहीत. मेथोट्रेक्सेट शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला तीन ग्रॅम किंवा अधिक या मात्रेत दिले की ते तेथे पोहोचते. एवढी मात्रा मूत्रपिंडांना झेपावी म्हणून भरपूर सलाइन लावतात, सोडा देऊन लघवी अल्कधर्मी ठेवतात आणि पट्टी बुडवून तिचा पीएच वारंवार तपासतात. नंतर ल्युकोव्होरिन हे उतारा-औषध रक्तातली पातळी उतरेपर्यंत चालू ठेवतात. या दिवसांत ॲसिडिटीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा सेप्ट्रान हे अँटिबायोटिक मनाने घेऊ नयेत, कारण त्यांच्यामुळे मेथोट्रेक्सेट शरीरात अडकून राहते. नातेवाईकांनी घरून आणलेला औषधांचा डबा परिचारिकेला दाखवावा.

११. वडिलांच्या अंडकोषाला सूज आहे, पण दुखत नाही. लाजेमुळे ते दाखवायला तयार नाहीत. वाट पाहिली तर चालेल का?

चालणार नाही. साठीनंतर वृषणात होणाऱ्या कर्करोगांमध्ये लिम्फोमा सर्वांत अधिक आढळतो आणि तो बहुधा न दुखणाऱ्या सुजेनेच सुरू होतो. सूज ‘पाणी भरल्याची’ आहे असे परस्पर ठरवू नये. सोनोग्राफीत फरक कळतो. शंका पक्की झाल्यास वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात, अंडकोषातून सुई घालत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर ‘गाठ गेली, आता काय’ असे समजून पुढचे उपचार सोडणारे रुग्ण आढळतात आणि त्याचे फार वाईट वाटते. हा लिम्फोमा दुसऱ्या वृषणात आणि मेंदूत परतण्याची प्रवृत्ती बाळगतो, तीही कित्येक वर्षांनी. म्हणून आर-चॉप केमो (‘चॉप’ ही चार औषधांची नेहमीची योजना आणि सोबत रिटुक्सिमॅब), मेंदूच्या संरक्षणासाठी औषध आणि दुसऱ्या वृषणावर रेडिएशन हे तिन्ही आवश्यक मानले जातात.

१२. अंगावर फिकट चट्टे आहेत. कोणी कोड म्हणते, कोणी इसब, कोणी नायटा. तो त्वचेचा लिम्फोमा असू शकतो का?

बहुतेक वेळा नसतो. परंतु मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतील टी-पेशींचा (लिम्फोसाइटच्या दुसऱ्या एका प्रकाराचा) लिम्फोमा अगदी असाच दिसतो आणि वर्षानुवर्षे इसब किंवा सोरायसिस म्हणून उपचार घेत राहतो. नाव बुरशीचे असले तरी बुरशीशी त्याचा संबंध नाही. सावळ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः तरुणांत आणि मुलांत, त्याचा फिकट चट्ट्यांचा प्रकार दिसतो. हे चट्टे सहसा नितंब, मांड्या, कंबर अशा कपड्यांखालच्या भागांवर असतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची संवेदना कमी होते. येथे ती कायम राहते. कोडात त्वचा खडूसारखी पांढरी होते, तर येथे ती नुसती फिकट असते.

एका बायोप्सीत निदान न होणे हे येथे नेहमीचेच आहे. वेगवेगळ्या चट्ट्यांवरून आणि काही महिन्यांच्या अंतराने तुकडे घ्यावे लागतात. त्यापूर्वी दोन ते चार आठवडे स्टिरॉइड मलम बंद असावे, म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाचे नावही डॉक्टरांना सांगावे.

सुरुवातीच्या टप्प्यात मलम आणि अतिनील किरणांचे उपचार पुरेसे ठरतात आणि आयुर्मान जवळपास सामान्य राहते. आरंभीच जोरदार केमो देऊन आयुष्य वाढत नाही, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत दिसून आले. त्यामुळे ‘कॅन्सर असून नुसते मलम?’ म्हणून डॉक्टर बदलण्याची गरज नाही.

१३. एक नाकपुडी महिनोन्‌महिने बंद आहे, रक्त आणि दुर्गंधी येते. बायोप्सीत फक्त ‘मृत ऊतक’ आले. म्युकर नाही म्हणाले. पुढे काय?

पुन्हा बायोप्सी, अधिक खोलवरून आणि अनेक ठिकाणांहून. नाकातील एनके/टी-पेशी लिम्फोमा (एनके हाही लिम्फोसाइटचाच एक प्रकार) रक्तवाहिन्यांवर हल्ला करून भोवतालचे ऊतक मारतो, म्हणून वरवरच्या तुकड्यात पेशी सापडतच नाहीत. टाळूला छिद्र पडणे हे त्याचे आणखी एक लक्षण आहे. २०२१ नंतर आपल्याकडे काळ्या पडलेल्या नाकाकडे पाहताच म्युकरमायकोसिसचा विचार होतो, आणि तो व्हायलाही हवा. पण बुरशी सापडली नाही तर लिम्फोमाची तपासणी राहून जाऊ नये. या आजारात एप्स्टाइन-बार विषाणू पेशींमध्ये असतो आणि तो शोधणारी ‘एबर’ चाचणी निदान पक्के करते. नेहमीचे चॉप केमो येथे तोकडे पडते. रेडिएशन आणि ॲस्पॅराजिनेज असलेली औषधयोजना लागते, म्हणून प्रकाराचे नाव कळल्याशिवाय केमो सुरू करू नये.

१४. डोळ्याच्या पापणीआड किंवा थायरॉइडमध्ये लिम्फोमा निघाला तर?

डोळ्याभोवतीचा लिम्फोमा बहुधा सावकाश वाढणारा माल्ट प्रकारचा असतो आणि कमी मात्रेच्या रेडिएशनने बरा होतो. थायरॉइडचा लिम्फोमा हाशिमोटो आजार (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइडला येणारी दीर्घकाळची सूज) असलेल्यांत, विशेषतः वयस्क स्त्रियांत, होतो. जुना गलगंड काही आठवड्यांत झपाट्याने वाढला आणि श्वास किंवा गिळणे अडू लागले, तर तातडीने दाखवावे. शोग्रेन आजारात डोळे व तोंड कोरडे पडते. अशा रुग्णाची लाळग्रंथी सतत सुजलेली राहिली, तर तिचीही तपासणी हवी.

१५. मला संधिवातासाठी अनेक वर्षे मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि आता लिम्फोमा निघाला. एकाच औषधाने रोग होतो आणि बराही होतो, हे कसे?

मेंदूच्या उपचारांतली मात्रा (प्रश्न १०) आणि संधिवातातली आठवड्याला काही मिलिग्रॅमची मात्रा यांत प्रचंड अंतर आहे. कमी मात्रेत हे औषध प्रतिकारशक्ती दाबते, आणि त्या स्थितीत, क्वचितच, एप्स्टाइन-बार विषाणू असलेल्या पेशी वाढू लागतात. अशा काही रुग्णांत मेथोट्रेक्सेट थांबवल्यावर, केमोविना, काही आठवड्यांत गाठ किंवा तोंडातील व्रण मावळतो. प्रकृती स्थिर असेल तर आधी एवढे करून पाहणे रास्त ठरते. औषध थांबवण्याचा निर्णय संधिवाततज्ज्ञ आणि रक्ततज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा.

१६. रिटुक्सिमॅबपूर्वी काविळीच्या चाचण्या कशासाठी?

हिपॅटायटिस बी चा विषाणू बरा झालेल्या माणसाच्या यकृतातही निद्रिस्त राहतो, आणि रिटुक्सिमॅबमुळे तो उसळून यकृत निकामी करू शकतो. म्हणून एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही चाचण्या कराव्यात. केवळ पहिली पुरत नाही. विषाणूची खूण आढळल्यास एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर देतात आणि रिटुक्सिमॅब संपल्यानंतरही किमान वर्षभर चालू ठेवतात. बरे वाटते म्हणून ही गोळी सोडू नये.

१७. खर्च कसा पेलायचा? आणि आजार उलटला तर पर्याय आहे का?

महाराष्ट्रातील रुग्णांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले रुग्णालय आणि आपला उपचार बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला विचारावे. दाखल झाल्यावर कागदपत्रांची धावपळ करण्यापेक्षा शिधापत्रिका आणि आधार आधीच सोबत ठेवावे. आजार उलटल्यास प्रकारानुसार दुसरे केमो, स्वतःच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण आणि बी-पेशींच्या काही लिम्फोमांत कार-टी उपचार (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देणे) उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून तयार झालेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशी उपचारांच्या तुलनेत बरीच कमी आहे, तरीही ती लाखांत जाते.

१८. ताप महिनाभर उतरत नाही, रक्तातील एलडीएच (पेशी मोडल्यावर वाढणारे द्रव्य) खूप वाढले आहे, पण स्कॅनमध्ये गाठ कुठेच नाही. तरी लिम्फोमाचा संशय कसा?

रक्तवाहिन्यांतर्गत लिम्फोमा हा अत्यंत विरळ प्रकार असाच वागतो. पेशी केशवाहिन्यांच्या आतच साचतात, म्हणून गाठ बनत नाही. ताप, गोंधळलेली मनःस्थिती, धाप किंवा झटके यांपैकी काहीही दिसू शकते. पेशींनी शोषलेली किरणोत्सारी साखर टिपणारा पेट स्कॅनही कधी कधी निर्दोष येतो. मेंदूत तर निरोगी ऊतकच भरपूर साखर शोषून घेत असल्यामुळे तेथे एमआरआयवर अधिक भिस्त ठेवावी लागते. या आजारात वरून अगदी निरोगी दिसणाऱ्या त्वचेतून दोन-तीन ठिकाणचे खोल तुकडे घेतात, आणि अंगावर लालसर तीळ असल्यास त्यांतून आवर्जून घेतात. ‘जेथे काहीच नाही तेथून कशाला कापता?’ असे नातेवाईक विचारतात आणि संमती द्यायला कचरतात. तुकडे मात्र त्वचेखालच्या चरबीपर्यंत खोल असावे लागतात, कारण रोगी पेशी बहुधा तेथल्याच बारीक रक्तवाहिन्यांत सापडतात.